खोटा ‘पास’ खोडणारी

शुभांगी,

तू जाऊन महिनाही झाला नाही आणि सगळे तुझ्याबद्दल गोड बोलायला लागलेत. शांत होती, समजूतदार होती, सगळ्यांना सांभाळून घ्यायची. ऐकून माझं डोकं फिरतं. तू कुणाला सांभाळून घेतलंस कधी? चहा गार आला तर तू तो परत पाठवायचीस. माझ्या लग्नपत्रिकेतली शुद्धलेखनाची चूक तू मला लग्नाच्या हॉलमध्ये, मी शालू सावरत असताना दाखवली होतीस. भांडकुदळ होतीस, हेकट होतीस, आणि माझी सगळ्यात जुनी मैत्रीण होतीस. ही शांत समजूतदार बाई कोण, मला माहीत नाही. मी तुझ्याशी बोलतेय.

तुझं काम काय होतं, याबद्दलही लोक काहीच्या काही सांगतात. तुझ्या मामेभावाने स्मशानात कुणाला तरी सांगितलं, ‘हॅकर पकडायची.’ तू हसून हसून लोळली असतीस. तू टेस्ट स्क्रिप्ट लिहायचीस. खरं तर लिहायचीही नाहीस, दुसऱ्यांनी लिहिलेल्या दुरुस्त करायचीस. याहून कंटाळवाणं काम आपल्या धंद्यात नाही. नवीन काही बनवणाऱ्याला टाळ्या मिळतात. जुनी टेस्ट दुरुस्त करणाऱ्याला लोक विचारतात, ‘तुम्ही दिवसभर करता काय?’

परळच्या त्या काचेच्या इमारतीत आपण शेजारी बसायचो. कंपनी हॉस्पिटलांसाठी सुरक्षेचं सॉफ्टवेअर करायची. डॉक्टरने घरून पेशंटचे रिपोर्ट बघायचे, तंत्रज्ञाने बाहेरून सिस्टिममध्ये शिरायचं, तर त्याच्याकडे एक डिजिटल किल्ली हवी. माणूस नोकरी सोडून गेला, की किल्ली रद्द. रद्द किल्लीने दार उघडता कामा नये. सगळ्या सॉफ्टवेअरचा जीव एवढ्यात होता. आणि हे सगळं नीट चालतंय का, ते तपासायला शेल स्क्रिप्टचा एक ढीग होता. शेल म्हणजे काळ्या पडद्यावर संगणकाला एकेक आज्ञा द्यायची ती जुनी पद्धत. त्या आज्ञा ओळीने फाइलमध्ये लिहून ठेवायच्या, की रोज आपोआप चालतात आणि शेवटी सांगतात, पास की फेल. आपल्याकडे सगळं पास असायचं. भिंतीवरच्या स्क्रीनवर हिरवे ठिपके, वरपासून खालपर्यंत. पाहुणे आले की अजित सर, आपले प्रमुख, त्यांना मुद्दाम त्या स्क्रीनसमोरून न्यायचे.

तुला तो हिरवा रंग खुपायचा. ‘एवढे दिवस एकही फेल नाही? माझ्या आईचा कुकरसुद्धा एखाद्या दिवशी शिट्टी देत नाही,’ असं म्हणायचीस.

मग एका दुपारी तू माझ्या खुर्चीला हात घालून मला स्वतःच्या टेबलाकडे ओढलंस. रद्द किल्लीची टेस्ट उघडलेली होती. स्क्रिप्ट साधी होती. सर्व्हर सुरू करा, थोडं थांबा, रद्द किल्लीने आत शिरायचा प्रयत्न करा, शिरता आलं नाही तर पास.

‘बरोबर आहे की,’ मी म्हटलं.

‘सर्व्हर सुरू झालाय का बघ.’

मी बघितलं. सर्व्हर सुरूच झाला नव्हता. आधीच्या टेस्टने आपला सर्व्हर बंद न करता तसाच सोडला होता, त्याने नव्याला लागणाऱ्या फाइल अडवल्या होत्या, आणि नवा सर्व्हर उठायच्या आधीच पडत होता. स्क्रिप्टला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. रद्द किल्ली घेऊन ती रिकाम्या जागेवर ठोठावत होती, कुणी दार उघडत नव्हतं, आणि ती लिहीत होती, पास.

‘अगं, घरच बांधलेलं नाही,’ तू म्हणालीस, ‘आणि आपण रोज लिहितोय, चोर आत आला नाही.’

मला हसू आलं. तुला आलं नाही. कारण तोवर तू बाकीच्याही स्क्रिप्ट वाचल्या होत्यास. कितीतरी ठिकाणी टेस्टचा निकाल लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, लिहायला दुसऱ्या आज्ञेकडे ढकललेला होता, आणि शेल विचारायचा त्या शेवटच्या आज्ञेलाच, काय, सगळं ठीक? ती बिचारी लॉग लिहिणारी. ती कशाला फेल होईल? आत टेस्ट कोसळली तरी बाहेर हिरवा ठिपका.

त्यानंतर तू जे केलंस ते मी रोज शेजारून बघितलं, म्हणून मला त्याबद्दल बोलायचा हक्क आहे. तू एकेक स्क्रिप्ट घेतलीस. मधली कुठलीही आज्ञा चुकली तर स्क्रिप्टने तिथेच थांबून ओरडायला हवं, ही पहिली ओळ. सर्व्हरसाठी डोळे मिटून ठरावीक वेळ थांबायचं नाही, त्याने उत्तर देईपर्यंत विचारत राहायचं. प्रत्येक टेस्टने आपला पसारा आपल्या वेगळ्या फोल्डरमध्ये करायचा आणि जाताना आवरून जायचं. आणि नकाराची टेस्ट असेल तिथे आधी चांगल्या किल्लीने आत शिरून दाखवायचं. चांगली किल्ली आत गेली, तरच वाईट किल्ली अडवली याला काही अर्थ.

आपलं भांडण तेव्हाच सुरू झालं. मी म्हणत होते, हे शेलचं जुनाट भंगार फेकून दे, पायथॉनमध्ये सगळं नव्याने लिहू. तू ऐकेनास.

‘भाषा बदलली म्हणजे खोटं बोलायचं थांबतं का गं? हेच गाढवपण तू पायथॉनमध्ये करशील, जरा छान दिसेल एवढंच.’

‘पण किती दिवस ठिगळं लावणार?’

‘ठिगळ नाहीये हे. हॉस्पिटलच्या सर्व्हरवर बसलेला माणूस ही फाइल उघडून वाचू शकतो. त्याला पायथॉन येत नाही, आज्ञा येतात. त्याने वाचून मला सांगावं, बाई, तुमची टेस्ट चुकली. मला ते हवंय.’

मला आजही वाटतं, निम्मं तुझं चुकत होतं. हजारो ओळींच्या शेल स्क्रिप्ट कुणी माणूस वाचत बसत नाही, शुभांगी. तू बसायचीस. आपण या विषयावर दादरला इडली खाताना भांडलो, तुझ्या लालबागच्या घरी जाताना मिरच्या भाजल्याच्या ठसक्यात खोकत खोकत भांडलो. निकाल लागला नाही. आता लागणारही नाही, आणि मला तुझ्यावर या गोष्टीचाही राग आहे.

मग मला दादरच्या दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली आणि मी निघाले. पुढचं सगळं मी तुझ्या तोंडून ऐकलं. तू गोष्ट सांगताना कधी मीठमसाला लावायची नाहीस, त्यामुळे मी ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं धरते.

तुझ्या दुरुस्त स्क्रिप्ट चालल्या आणि भिंतीवरची स्क्रीन लाल झाली. बरेचसे ठिपके तू आणि बाकीच्यांनी मिळून हिरवे केले, खरेखुरे हिरवे. एक राहिला. रद्द किल्लीचा. आता सर्व्हर नीट उठत होता, चांगली किल्ली आत जात होती, आणि मग तीच किल्ली रद्द केली तरी पुन्हा मजेत आत जात होती. सर्व्हर सुरू होताना रद्द किल्ल्यांची यादी एकदा वाचायचा आणि पुन्हा तिच्याकडे ढुंकून बघायचा नाही. म्हणजे आज कुणाला नोकरीवरून काढलं, त्याची किल्ली रद्द केली, तरी सर्व्हर बंद करून चालू करेपर्यंत तो माणूस आत-बाहेर करू शकत होता. आणि हॉस्पिटलचे सर्व्हर कोण बंद करतो? महिनोन्‌महिने चालतात ते.

नवीन आवृत्ती एका हॉस्पिटलला द्यायची होती. तू अजित सरांच्या केबिनमध्ये गेलीस.

‘ही टेस्ट आधी पास होत होती ना?’ सरांनी विचारलं.

‘हो, पण...’

‘मधे सॉफ्टवेअर बदललं?’

‘नाही.’

‘मग बदललं काय? टेस्ट. तू बदललीस. मग चूक कुठे आहे, शुभांगी?’

तू मला हे सांगितलंस तेव्हा आपण गिरगावात माझ्या घरी गॅलरीत बसलो होतो. मला वाटलं, तू चिडली असशील. तू चक्रावून गेली होतीस. म्हणालीस, ‘नीता, त्याचं बोलणं ऐकताना एक क्षण मलाच पटलं गं.’

सरांनी जुनी स्क्रिप्ट परत आणायला सांगितली. तू नाही म्हणालीस. त्यांनी दुसऱ्याकडून आणवली. ठिपका हिरवा झाला. तुला शब्द दिला, की पुढच्या आवृत्तीत सॉफ्टवेअरही सुधारू आणि तुझी स्क्रिप्टही घेऊ. माल हॉस्पिटलला गेला.

इथे मी तुला सोडणार नाही. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, हॉस्पिटलला कळव. फोन कर, निनावी चिठ्ठी टाक, काहीही कर. तू ऐकलं नाहीस. ‘करारावर सही आहे माझी. आणि त्यांनी शब्द दिलाय. आत राहून दुरुस्त होईल.’ मी हॉस्पिटलचं नाव विचारलं, तेही तू सांगितलं नाहीस. ‘तू फोन करशील,’ म्हणालीस. केला असता. शंभर टक्के केला असता. टेस्टच्या एकेका ओळीवर विश्वास न ठेवणारी बाई तू, आणि अजित सरांच्या शब्दावर ठेवलास. का? हे विचारायचं राहिलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस.

आणि मग व्हायचं तेच झालं. हॉस्पिटलने एका तंत्रज्ञाला काढलं. त्याची किल्ली रद्द केली. तो घरी बसून आठवडेच्या आठवडे रिपोर्ट उघडत राहिला. त्याच्या ओळखीतली एक मुलगी होती, तिचं लग्न ठरलेलं होतं. तिचा रिपोर्ट त्याने फोनवरून फिरवला. गावभर झाला. लग्न मोडलं. त्या मुलीचं पुढे काय झालं, ते तुला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तू शेवटपर्यंत त्याबद्दल विचारत राहिलीस. मला एकदा म्हणालीस, ‘तिला नाव असेल ना गं काहीतरी. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती नुसती एक ओळ आहे.’ एवढं बोलून तू गॅलरीच्या कठड्याला धरून उभी राहिलीस.

कंपनीने चौकशी केली. चार माणसं टेबलाच्या एका बाजूला, तू दुसऱ्या बाजूला. तू सगळं सांगितलंस. स्क्रिप्ट कुणी बदलली, का बदलली, कुणी परत जुनी आणली. त्यांनी ऐकून घेतलं. कुणी आवाज चढवला नाही. पाणी विचारलं. मग निष्कर्ष काढला, की टेस्टिंग विभागाकडून त्रुटी वेळेत निदर्शनास आली नाही आणि विभागात मतभेद होते. मतभेद! तू लाल म्हणत होतीस, ते हिरवं म्हणत होते, म्हणजे मतभेद. त्यांच्या लेखी विभाग म्हणजे तूच होतीस. तुला राजीनामा द्यायला सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की आम्ही तुझ्या पुढच्या नोकरीच्या आड येणार नाही.

आड आलेही नाहीत. नवीन ठिकाणचे लोक चौकशीला फोन करायचे, तेव्हा कंपनीतले फक्त थोडं थांबायचे आणि म्हणायचे, ‘कामात चांगली आहे.’ त्या थांबण्यातच सगळं यायचं. तू मुलाखत देऊन यायचीस, पुन्हा बोलावणं यायचं नाही.

त्या दिवसांत तू काय करत होतीस, हे तुझ्या मामेभावाला माहीत नाही, ऑफिसला माहीत नाही. जगभरचे लोक फुकट वापरतात असं एक सुरक्षेचं साधन, त्याच्या टेस्ट स्क्रिप्ट तू घरी बसून सुधारत होतीस. न सांगता, न विचारता. तुझ्या त्या बाराव्या मजल्यावरच्या घरात, चाळीच्या जागी उठलेल्या टॉवरमध्ये, स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी आईची निवडलेली भाजी. कुठल्या तरी थंड देशातल्या माणसाने तुला लिहिलं होतं, की तुमच्या बदलामुळे आमची एक जुनी चूक सापडली, आभार. ते तू मला फोनवर वाचून दाखवलंस. आवाज असा होता, जसा आपला कॉलेजचा निकाल लागला तेव्हा होता. मी म्हटलं, ‘फुकट राबतेयस.’ तू म्हणालीस, ‘अगं, पण लाल झालं की ते लाल म्हणतात.’

त्या फोनबद्दल मी त्या परक्या माणसाची ऋणी आहे. आपल्या माणसांकडून तुला ते मिळालं नाही.

मग तो रविवार. तू बाजारातून बांगडे आणलेस, आईला म्हणालीस, डोकं दुखतंय, जरा बसते. बसलीस ती उठलीच नाहीस. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासूनच नाजूक होती, ती कधीही फुटली असती. मी तीन-तीनदा विचारलं, ताणाने झालं का? ते म्हणाले, तसं सांगता येणार नाही. मला त्यांच्या तोंडून ‘हो’ ऐकायचं होतं, शुभांगी. मग मला अजित सरांना काय म्हणायचं ते म्हणता आलं असतं. आता ते म्हणता येत नाही. तूच म्हणायचीस, दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. बरोबर आहे तुझं. पण झोंबतं.

परवा तुझ्या जुन्या ऑफिसात शोकसभा झाली. मला जुनी सहकारी म्हणून बोलावलं. तुझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, चेहऱ्याचे चौकोन चौकोन झालेले. एचआरच्या बाईंनी ‘गुणवत्तेचा ध्यास’ असं काहीतरी वाचलं. मग अजित सर उठले. म्हणाले, ‘शुभांगीने रुजवलेली शिस्त आज आमच्या प्रत्येक टेस्टमध्ये आहे.’ आणि खरंच आहे. मी सोडल्यावर तुझ्या शेजारी बसायचा तो परेश मला जिन्यात भेटला, त्याने सांगितलं. तू गेल्यावर, म्हणजे नोकरीवरून गेल्यावर, त्यांनी तुझ्या स्क्रिप्ट गुपचूप परत घेतल्या. ओळ न्‌ ओळ तुझी. सॉफ्टवेअरही सुधारलं. सरांनी एका परिषदेत त्यावर भाषण दिलं, विश्वासार्ह टेस्ट कशा लिहाव्यात. चांगल्या किल्लीचं उदाहरणही दिलं. तुझं नाव घ्यायला विसरले.

‘कुणाला दोन शब्द बोलायचेत?’ त्या बाईंनी विचारलं. मी उठले. मी म्हटलं, ‘हिला तुम्ही काढलंत ते हिचं बरोबर होतं म्हणून. हिची स्क्रिप्ट आज तुम्ही चालवताय. चौकशीत तुम्ही हिला दोषी धरलंत, तर आज याच खोलीत, हिच्या फोटोसमोर, एकदा म्हणा, की चूक आमची होती.’

कुणी म्हटलं नाही. परेश चपलेकडे बघत होता. सर म्हणाले, ‘नीता, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो,’ आणि सगळे दोन मिनिटं शांततेसाठी उभे राहिले. मी उभी राहिले नाही, कारण मी आधीच उभी होते. मी बाहेर पडले.

तिथून चालत लालबागला तुझ्या घरी गेले. तुझ्या आईने दार उघडलं.

‘ये गो बाय. बस. चाय टाकतंय.’

टेबलावर मोठा गुच्छ होता, पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी बघितलं तशी काकी म्हणाली, ‘सकाळी हापिसातली दोगा इली होती. फुला घेवन. लय चांगला बोलली.’

चहा झाल्यावर ती माझ्यासमोर बसली. ‘माका एक सांग. आमचा शुभांगी हापिसात करी काय होता? माका कधी धड समाजला नाय. शेजारची इचारतत, माका सांगूक येणा नाय.’

मी सांगितलं. ‘काकी, समजा आपल्या बिल्डिंगचा वॉचमन नको त्या माणसाला अडवतो की नाही, हे रोज कुणीतरी तपासतंय. आणि रोज लिहितंय, अडवला. शुभांगीने जाऊन बघितलं, तर गेटलाच बाहेरून कुलूप. आत कुणीच जात नव्हतं, वॉचमन काय करतोय ते कुणी बघितलंच नव्हतं. तिने कुलूप काढायला लावलं. तर वॉचमन हाकलून दिलेल्या माणसालाही सलाम ठोकून आत सोडत होता.’

‘मगे?’

‘तिने साहेबांना सांगितलं. साहेबांनी परत कुलूप लावलं. मग एक माणूस खरंच आत शिरला, एका मुलीचं वाटोळं झालं, आणि साहेबांनी बोट शुभांगीकडे केलं.’

काकीने पदराने टेबलावरचा चहाचा ओघळ पुसला.

‘म्हणजे माझा चेडू बरोबर होता मां?’

‘होय काकी. बरोबर होती.’

‘तां तिका कोण बोललो?’

‘मी बोलले होते. खूपदा.’

‘तू मैत्रीण गो तिची. तू बोलतलंच. हापिसातलो कोण बोललो?’

‘कुणी नाही.’

‘ती जिती होती तेव्हा?’

‘नाही, काकी.’

‘आणि आज?’

मी नाही अशी मान हलवली.

‘मगे ती फुला कित्याक घेवन इली?’

ती उठली. गुच्छाची रिबन सोडली, प्लास्टिक काढून घडी घालून सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवलं, आणि फुलं ओल्या कचऱ्यात टाकली.